एक मारियसचा, एक सुल्लाचा

रोम, मे महिन्याची बारावी

दादा,

तू धडधाकट असशील तर माझी अर्धी काळजी मिटली. आम्ही तिघं ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

पेतिलियस पत्राखाली दोन ओळी का लिहीत नाही, असं तू विचारलं होतंस. खरं सांगायचं तर तुझं नाव निघालं की यांचा चेहरा बदलतो. सतरा वर्षं तुम्ही दोघं आफ्रिकेवरून भांडत आलात, पण ते पोट भरल्यावरचं भांडण होतं. तू म्हणायचास, जुगुर्था राजाला बेड्या घालून सुल्लाने आणला, मी त्याच्या घोड्याशेजारी होतो. हे म्हणायचे, दोन वर्षं वाळू तुडवली मारियसने आणि आम्ही, स्वयंपाक सगळा आमचा, तुझ्या सुल्लाने येऊन नुसतं ताट उचललं. मग तुम्हीच हसायचात आणि मला आणखी वाइन आणायला पिटाळायचात.

आता कोणी हसत नाही. त्या मूर राजाने कॅपिटोल टेकडीवर सोन्याचे पुतळे बसवले ना, जुगुर्था सुल्लाच्या हवाली होतोय असे, तेव्हापासून यांचं डोकं फिरलंय. दर चार दिवसांनी टेकडी चढून जातात, पुतळ्यांकडे बघतात आणि घरी येऊन मलाच विचारतात, "त्यात मारियस कुठे आहे, सांग ना." जसे काही मीच ते ओतलेत. आणि तिकडे मारियस सत्तरीला टेकलाय, तरी रोज मैदानात तरण्या पोरांबरोबर घोडा दौडवतो. आशियातल्या मिथ्रिदातेस राजावरच्या स्वारीचं सेनापतिपद सिनेटने तुझ्या सुल्लाला दिलं, ते त्याला हवंय. त्याला पाहायला गर्दी जमते. अर्धे टाळ्या वाजवतात, अर्ध्यांना बघवत नाही. हे टाळ्या वाजवणाऱ्यांत.

दुकान बरं चाललंय. मारियसवाले काय नि सुल्लावाले काय, टोगा धुवायला आमच्याकडेच टाकतात. सगळे एकाच हौदात, मळ काढायच्या एकाच शिळ्या मुतात तुडवले जातात. हे मी गिऱ्हाइकासमोर बोलून गेले तेव्हा मानियस इतका हसला की पाय घसरून हौदात बसला. माझ्या या दिराचं लग्न आता करायला हवं. मी या घरात आले तेव्हा सात वर्षांचा होता, केस विंचरू द्यायचा नाही. आता चोवीस वर्षांचा घोडा झालाय आणि अजून विंचरत नाही.

वहिनी आणि तुझी लेक पुसिल्ला परवा येऊन गेल्या. पुसिल्लाला दात येताहेत.

तुझी वेसोनिया


नोलाची छावणी, मे महिन्याची एकविसावी

वेसोनिया,

दामा खेचरवाल्याने तुझं पत्र कोरडं आणून पोचवलं. मी बरा आहे. डावा पाय दुखतो, पण तो आता दुखणारच.

पेतिलियसला सांग, ताट उचलायलासुद्धा हात लागतात. त्या मूर राजाच्या तंबूत आम्ही मूठभर माणसं गेलो होतो. राजा जुगुर्थाला आमच्या हाती देणार की आम्हांला जुगुर्थाच्या, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. सुल्लाला हे ठाऊक होतं. तरी तो आत जाऊन बसला. मी त्याच्या मागे उभा होतो आणि पळायचं झालं तर तंबूचं दार किती पावलांवर आहे ते मोजत होतो. हे मी पेतिलियसला कधी सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

पण तुला एक सांगतो. त्या प्रसंगाचं चित्र सुल्लाने अंगठीवर कोरून घेतलंय, आणि आजही प्रत्येक पत्रावर तोच ठसा उमटतो. मारियसला जाणारं पत्र असलं तरी तोच. सतरा वर्षं झाली. कधीकधी मला वाटतं, आता दुसरी अंगठी घातली असती तर काय बिघडलं असतं? पण छावणीत हे बोलायची सोय नाही.

नोलाचे बंडखोर अजून भिंतीआड आहेत आणि आम्ही भिंतीबाहेर. आमचं सगळं लक्ष आशियाकडे लागलंय. पोरं आत्तापासून सामान बांधून बसलीत. त्यांना भीती एकच वाटते. सेनापतिपद मारियसकडे गेलं तर तो स्वतःची माणसं भरती करून नेईल आणि आम्ही इथेच या भिंतीकडे बघत म्हातारे होऊ. माझी ही शेवटची मोहीम. नंतर कुठेतरी जमीन घेऊन अविदिया आणि पुसिल्लाबरोबर राहायचं, एवढंच डोक्यात आहे.

तुझ्या नवऱ्याला फोरमच्या चौकापासून लांब ठेव. आणि पत्रात "ठीक आहोत" असं लिहितेस तेव्हा तुझं अक्षर तिरपं होतं. लहानपणीही व्हायचं. काही लपवत नाहीस ना?

नुमेरियस


रोम, जून महिन्याची पहिली

दादा,

लपवत होते. आता लपवून भागणार नाही.

लोकप्रतिनिधी सुल्पिकियसने नवा कायदा मांडला तेव्हा फोरममध्ये तलवारी निघाल्या. सुल्लाच्या जोडीने राज्य चालवणाऱ्या दुसऱ्या कन्सलच्या मुलाला भर गर्दीत भोसकलं. त्या दिवशी हे घरी आले तेव्हा अंगरखा रक्ताने भरला होता. म्हणाले, नाक फुटलं. कपडे धुणाऱ्याच्या घरात हे सांगायचं? रक्त कसंही असो, मला काढता येतं. पण नाकातलं रक्त पाठीवर कसं जातं, हे मी विचारलं नाही. थंड पाण्यात भिजवला अंगरखा आणि जेवायला वाढलं.

कायदा झाला. सुल्लाचं सेनापतिपद काढून मारियसला दिलं. हे त्या दिवशी इतके खूश होते की शेजाऱ्यांना बोलावून वाइन पाजली. मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. म्हाताऱ्याला हवं ते मिळालं, आता तरी घरात शांतता नांदेल.

आता महत्त्वाचं. सैन्य ताब्यात घ्यायला मारियसचे दोन अधिकारी नोलाला निघालेत, आणि त्यांच्याबरोबरच्या घोडेस्वारांत आपला मानियस आहे. यांनीच शब्द टाकून त्याला जागा मिळवून दिली. मानियसला राजकारणाचं काही नाही, त्याला घोडा मिळाला याचाच आनंद. त्याच्याबरोबर तुझ्यासाठी खसखस लावलेल्या मधाच्या वड्या पाठवते आहे. एकट्याने खाऊ नकोस, तंबूतल्या माणसांना दे. त्याला तुझ्याच तंबूत झोपव. पहिल्यांदाच घराबाहेर पडलाय, आणि तोंडाला येईल ते बोलतो. कोणाशी वाजलं तर तू मध्ये पड. तू तिथे आहेस म्हणूनच मी त्याला जाऊ दिलं, नाहीतर घोड्याचे पाय धरून बसले असते.

पोचल्याचं लगेच कळव.

वेसोनिया


नोलाची छावणी, जून महिन्याची आठवी

वेसोनिया,

घाईत लिहितो. मारियसचे अधिकारी आले होते. सैन्याने त्यांचं मानलं नाही. आम्ही सुल्लाबरोबर रोमकडे निघतोय, सगळ्याच्या सगळ्या तुकड्या. हे खरं आहे. मलाही लिहिताना खरं वाटत नाही. रोमचं सैन्य रोमवर. बहुतेक बड्या अधिकाऱ्यांनी पाठ फिरवली आणि ते घरी गेले. आम्ही राहिलो.

तुमचं घर वेशीला लागून आहे. पेतिलियसला घे, दुकानाला कुलूप लाव आणि टिबुरला मावशीकडे जा. अविदियाला मी वेगळं कळवलंय, ती तिच्या भावाकडे जाईल. तू हुज्जत घालत बसू नकोस.

मानियस मला भेटला नाही. गडबड फार होती. तो त्या लोकांबरोबर परत फिरला असेल किंवा वाटेत कुठे थांबला असेल. त्याची काळजी करू नकोस.

वड्या छान होत्या. तंबूतल्या सहाही जणांनी तुझं नाव काढलं.

नुमेरियस


रोम, जून महिन्याची तेरावी

दादा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचवेना.

वड्या तुला कोणी दिल्या?

त्या मी मानियसच्या हातात दिल्या होत्या. घोड्याच्या खोगिराला पिशवी स्वतः बांधली होती. मानियस तुला भेटला नाही आणि वड्या भेटल्या, हे कसं? मी मूर्ख नाही, दादा. लहानपणी कुंडी तू फोडायचास आणि आई विचारायला येण्याआधीच मांजराचं काहीतरी सांगत सुटायचास. हे पत्र तसं आहे.

हे मी यांना दाखवलेलं नाही. मानियस वाटेत थांबला असेल, एवढंच सांगितलंय. यांनी मान डोलावली आणि म्हणाले, कॅपुआत पोरी फार. रोज दारात उभे राहून रस्त्याकडे बघतात. मी आत भाकरी भाजते आणि माझ्या हाताला चटके बसतात.

आता तुला सांगायचं राहिलेलं एकच आहे. आम्ही टिबुरला जाणार नाही. हे मारियसच्या माणसांत आहेत, निव्वळ टाळ्या वाजवणाऱ्यांत नाहीत. आफ्रिकेतली तलवार माळ्यावरून खाली काढलीय. एस्क्विलाइन वेशीजवळच्या आमच्या आळीची जबाबदारी यांच्यावर आहे. घराघरांत छपरावर दगड चढवताहेत. सैन्याला थांबवायला सिनेटने दोन मोठी माणसं पाठवली होती, ती अंगावरचे कपडे फाटलेल्या अवस्थेत परत आली. बायका देवळात जाऊन बसल्यात. मी यांना म्हटलं, समोरून माझा भाऊ येतोय. हे म्हणाले, "तो भाऊ म्हणून येत असेल तर दार उघडं आहे. सुल्लाचा नायक म्हणून येत असेल तर छपरावर मी आहे."

तू कुठल्या वेशीने येणार आहेस?

आणि मानियस कुठे आहे?

वेसोनिया


रोमबाहेर, लाविकुमच्या रस्त्यावर, जून महिन्याची एकोणिसावी

वेसोनिया,

मानियस मेला. मी ते आधी लिहायला हवं होतं.

तो छावणीत आला तो सरळ मला शोधत आला. खोगिरावरची पिशवी काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "वहिनीने मोजून दिल्यात, मी वाटेत चारच खाल्ल्या." माझ्याच तंबूत बसला. पाय धुतले. माझी पोरं त्याला घोड्यावरून चिडवत होती आणि तोही परतून देत होता. मग शिंग वाजलं आणि अधिकाऱ्यांनी मारियसचा हुकूम वाचायला घेतला, तसा तो धावत जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला. त्याचं कामच होतं ते.

हुकूम पुरा वाचूनही झाला नाही. कोणीतरी पहिला दगड टाकला. मग सगळ्यांनी टाकले. मी त्याला हाक मारली असं मला वाटतं, पण त्या कोलाहलात माझी हाक मलाच ऐकू आली नाही. तो पळून जाऊ शकला असता. त्याने अधिकाऱ्याच्या तोंडापुढे दोन्ही हात धरले.

वेसोनिया, माझ्याही हातात दगड होता. मी टाकला. चौदा वर्षं मी माणसांना एकसाथ हालचाल करायला शिकवत आलोय. सगळ्यांनी हात वर केला तेव्हा माझाही वर गेला. तो कुणाला लागला, मला माहीत नाही. मी डोळे उघडे ठेवले होते की मिटले होते तेही आठवत नाही.

त्याला मी स्वतः पुरला. बरोबर कोणाला घेतलं नाही.

वड्यांचं लिहिलं ते खोटं नव्हतं. त्या दिवशी कोणाला जेवण करायचं सुचलं नाही, तेव्हा पोरांनी पिशवी उघडली. मी त्यांना नाही म्हटलं नाही.

आम्ही एस्क्विलाइनच्या वेशीने येणार. हे सांगायची मला परवानगी नाही. घरातून बाहेर पडा. दामा हे पत्र घेऊन निघालाय, वेस बंद व्हायच्या आत पोचेल असं म्हणतो.

नुमेरियस


टिबुर, लढाईनंतरचा बारावा दिवस

नुमेरियस,

तुझं पत्र लढाईनंतर आठ दिवसांनी मिळालं. दामा पोचला तेव्हा वेस बंद झाली होती.

तुझ्या बाजूचं तू लिहिलंस, आता आमच्या बाजूचं ऐक. आम्ही छपरावर होतो. हे, मी, शेजारचा लोहार, त्याच्या दोघी सुना, समोरच्या इमारतीतली सगळी बिऱ्हाडं. हे कौलं उचकटत होते आणि मी हातात देत होते. तुमची पहिली तुकडी आत शिरली आणि मार खाऊन मागे गेली. आळीत आनंदाने ओरडा झाला. मीही ओरडले. मग दुसरी तुकडी आली, आणि पुढचा नायक डावा पाय ओढत चालत होता.

माझ्या हातात कौल होतं. ते तसंच ठेवून मी कठड्याशी गेले आणि ओरडून विचारलं, "दादा, मानियस कुठे आहे?"

तू वर पाहिलंस. चारी बाजूंनी दगड पडत होते आणि तू शिरस्त्राण काढलंस. का काढलंस, मला अजून कळत नाही. म्हणालास, "नोलाला. मी पुरलाय त्याला."

माझ्या शेजारी हे उभे होते. यांनी तुझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळले आणि हळूच विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "शंका होती."

"किती दिवस?"

"आठ."

तू बरोब्बर खाली उभा होतास, उघड्या डोक्याने. यांच्या हातात दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढं कौल होतं. नुसतं सोडून दिलं असतं तरी पुरे होतं. यांनी ते खाली ठेवलं. पुन्हा छपरावर बसवायचं असावं तसं, नीट. मग तुमच्या मागून पेटते बाण आले. लोहाराचं छप्पर पेटलं, मग आमचं. यांनी मला मागच्या भिंतीवरून खाली उतरवलं, तेव्हा यांचा हात खांद्यापर्यंत भाजला. दुकान गेलं. लोकांचे टोगासुद्धा जळून गेले.

मारियस पळाला म्हणतात, बोटीतून, कुठेतरी दलदलीत लपत. आम्ही मावशीच्या गोठ्यात आहोत. हे माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्यामुळे नाही. आठ दिवस मी मनात ठेवलं आणि यांना वाढत राहिले, यामुळे. मानियसबद्दल तू मला खोटं सांगितलंस आणि मी यांना. आपण दोघं एकाच आईची.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. दगडाचं वाक्य गाळावं असं वाटलं होतं. गाळलं नाही. यांनी ऐकलं आणि उठून बाहेर गेले, ते दिवेलागणीला परत आले.

दगडाचं तू लिहिलं नसतंस तर आम्हांला जन्मात कळलं नसतं. का लिहिलंस ते मी विचारत नाही. पण ते लिहिलंस म्हणून हे पत्र तुला जातंय, नाहीतर गेलं नसतं.

पुरल्याची जागा कळव. दुसरं काही लिहू नकोस.

वेसोनिया


ब्रुन्दिसियम, मार्च महिन्याची तिसरी

वेसोनिया,

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला आठ महिने लागले. सहा वेळा लिहायला बसलो आणि सहा वेळा जागेशिवाय दुसरंच काहीतरी लिहून बसलो.

नोलाच्या उत्तरेची वेस मागे टाकून कॅपुआच्या रस्त्याने निघा. दुसरा मैलाचा दगड. तिथून डाव्या हाताला ओढा आहे, उन्हाळ्यात आटतो. ओढ्याच्या पलीकडे तीन अक्रोड आहेत. मधल्या झाडाच्या पूर्वेला सहा पावलं, माझी पावलं, म्हणजे तुझी आठ होतील. वर सपाट दगड ठेवलाय, नाव कोरलेलं नाही. डोकं रोमच्या बाजूला आहे.

उद्या जहाज निघतं. सुल्लाबरोबर ग्रीसला जातोय. तू दुसरं काही लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहीत नाही.

नुमेरियस


ओस्तिया, मार्च महिन्याची दहावी, पुढचं वर्ष

नुमेरियस,

हे पत्र तुझ्या हातात देणारी तुझी बायको आहे. तिला आधी बसायला दे, पोरीला काही खायला दे, मग वाच. समुद्र खुला झाल्यावरचं ग्रीसला जाणारं हे पहिलंच जहाज आहे. नाखवा माझ्या जुन्या तुकडीतला आहे. काही विचारणार नाही.

वेसोनिया लिहिणार होती. म्हणाली, मी लिहिलं तर एकतर रडेन नाहीतर शिव्या देईन, तुम्हीच लिहा. मला लिहायची सवय नाही. तुला माहीत आहे, आफ्रिकेत माझी पत्रं तूच लिहायचास.

गेल्या शरद ऋतूत आम्ही दोघं नोलाला जाऊन आलो. झाड बरोबर होतं, पावलं बरोबर होती. मानियसला घेऊन आलो. तो आता वडिलांशेजारी आहे. हे झालं.

मारियस परत आला ते तुझ्या कानावर आलं असेल. तो शहरात शिरला तेव्हा मी वेशीवर उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडलो. वाटलं, आला आपला म्हातारा, आता न्याय होईल. सगळ्यांबरोबर मीही त्याच्यामागे चालत होतो. त्याच्या रखवालदारांना खूण ठरवून दिली होती म्हणतात. कोणी नमस्कार केला आणि त्याने तो घेतला नाही, तर त्या माणसाला तिथल्या तिथे कापायचं. मी नमस्कार केला नाही. गर्दीत खाली मान घालून मागे सरकलो आणि घरी आलो. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी वाळू तुडवली त्याला नमस्कार करायची मला भीती वाटली.

सुल्लाचं घर पाडलं. मग सुल्लाच्या माणसांची घरं शोधायला लागले. अविदियाच्या भावाने भिऊन तिला बाहेर काढलं. ती पोरीला कडेवर घेऊन आमच्या दारात आली. आमचं म्हणजे भाड्याच्या खोलीचं, घर तर तुम्ही जाळलंत. वेसोनियाने दार उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. तेवढ्या महिन्यांत आम्ही दोघं एकमेकांशी मिठाशिवाय दुसरं काही मागायला बोललो नव्हतो. मी म्हटलं, "आत घे, वारा येतोय."

सहाव्या दिवशी सकाळी ते आले. पाच जण होते. पुढच्याच्या हातात नावांची पाटी. अविदिया चुलीपाशी होती, लपायला वेळच नव्हता. त्याने विचारलं, ही कोण? मी माझ्या खांद्याची जळकी बाजू त्याच्यासमोर केली आणि म्हणालो, "माझ्या भावाची बायको. आणि ही त्याची पोर."

"भाऊ कुठे आहे?"

"मेला. नोलाला. मारियसचा हुकूम घेऊन गेला होता. सुल्लाच्या माणसांनी दगडांनी ठेचला."

नुमेरियस, यातलं पहिलं उत्तर तेवढं खोटं होतं. बाकीचं बोलताना माझा आवाज जो झाला, तो कोणाला ठरवून काढता येणार नाही. त्या पाचांनी माना खाली घातल्या. पाटीवाला म्हणाला, अशी माणसं गेली म्हणून आपण आज उभे आहोत. एकाने पुसिल्लाच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते शेजारच्या घरात शिरले आणि तिथे काय झालं ते तुला सांगत नाही.

ते गेल्यावर वेसोनिया जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आपल्या मानियसला बायको मिळाली." आणि हसायला लागली. मग आम्ही दोघं रडलो, बऱ्याच महिन्यांनी, एकाच खोलीत. तेव्हापासून मी तिच्याशी बोलतो.

सातव्यांदा कन्सल झाल्यावर म्हातारा पंधरा-सतरा दिवसांत गेला. अंथरुणात. लोक सांगतात, तापात तो मिथ्रिदातेसवरच्या लढाईचे हुकूम सोडत होता, जणू आशियात उभा आहे. तेच सेनापतिपद, नुमेरियस. मी ऐकलं आणि मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं. तुझ्या सुल्लाच्या बोटात ती अंगठी अजून असेल. तो परत येईल तेव्हा पुन्हा पाट्या लिहिल्या जातील आणि त्यावर माझं नाव असेल. हे मला ठाऊक आहे. तू काही करावंस असं मी म्हणत नाही.

हे पत्र म्हणजे माफी नाही. अविदिया वाटेत सांगेल की आम्ही चांगले वागलो, तिच्या बोलण्यावर जाऊ नकोस. तिला मानियसचं अर्धंच माहीत आहे. दुसरं अर्धं आम्ही सांगितलेलं नाही, ते तुझं तू बघ.

तू परत ये. माझ्यासमोर उभा राहा, शिरस्त्राण काढ, आणि दगडाचं तोंडाने सांग. त्यानंतर मी काय करेन, मला माहीत नाही. कदाचित गळा धरेन, कदाचित वाइन मागवेन. पण जे करायचं ते मला करायचंय, कुठल्या ग्रीक भालाइताने नाही.

तोवर मरू नकोस.

पेतिलियस